हवा, हवामान आणि वातावरण: अकरावीच्या दोन तुकड्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं, २०२३-२४ या शैक्षणिक वर्षातलं आहे. कनिष्ठ महाविद्यालयाचं नाव गाळलं आहे आणि मुलांची नावं बदलली आहेत. मी तिथे भूगोल शिकवते. भूगोलवाली म्हणून 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषयही माझ्याच गळ्यात पडला आहे. पर्यावरण सगळ्यांना शिकवलंच पाहिजे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. त्या आदेशामुळे हा विषय पुढे वेळापत्रकात आला, पण बहुतेक ठिकाणी प्रकल्पवही भरून घेण्यापुरताच. आमच्याकडेही वेगळं काही नव्हतं.

अकरावीच्या दोन तुकड्या. विज्ञानची मुलं बहुतेक गावातली: मेडिकलवाल्यांची, शिक्षकांची, आडत दुकानदारांची. सकाळी कॉलेज, दुपारी नीटचा क्लास, आणि डोक्यात कायम 'लातूर पॅटर्न'. कलेची मुलं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आणि तांड्यांवरून एसटीने येतात. त्यांतल्या बऱ्याच घरांत कोयता आहे. म्हणजे आई-बाप मुकादमाकडून उचल घेतात, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. घरी म्हातारं माणूस नसेल तर पोरंही सोबत जातात. दोन्ही तुकड्यांच्या वर्गांत एकाच व्हरांड्याचं अंतर आहे, तरी वर्षभरात एकमेकांशी दहा वाक्यं बोललेली मुलं शोधावी लागतील.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, जुलैत पेरण्या झाल्या आणि ऑगस्ट कोरडा गेला. देशभराचा विचार केला तर १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सोयाबीन फुलात असताना माना टाकत होतं, आणि मी वर्गात 'जागतिक तापमानवाढ' हे प्रकरण काढलं.

अडचण

सुरुवातीला मला अडचण वेगळीच वाटली होती. दोन्ही तुकड्यांना मी २० प्रश्नांची एकच चाचणी दिली. विज्ञानच्या मुलांना चांगले गुण पडले, कलेच्या मुलांना फार कमी. कलेच्या निम्म्या वह्यांत 'हवामान बदल म्हणजे काय?' या प्रश्नापुढे कोरी जागा होती. ज्यांनी लिहिलं त्यांनी असं लिहिलं: 'दुपारी ऊन पडतं आणि संध्याकाळी आभाळ येतं, त्याला हवामान बदल म्हणतात.' मी त्याला लाल शाईने शून्य दिलं. ते शून्य या सगळ्या प्रकरणातली माझी पहिली चूक.

विज्ञानच्या वह्या नीट वाचल्या तेव्हा शंका आली. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, २०१५ चा पॅरिस करार हे सगळं बिनचूक. मात्र 'तापमानवाढीचं मुख्य कारण ओझोन थराला पडलेलं भोक' हे विधान बहुतेकांनी बरोबर ठरवलं होतं. ही गल्लत आमच्या गावचीच आहे असं नाही. लिव्हरपूल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांना विचारलं, तेव्हा त्यांच्याकडेही हेच सापडलं होतं. वर भोक, त्यातून जास्त ऊन, म्हणून उकाडा. चित्र इतकं सोपं आहे की ते पुसता पुसत नाही. खरं तर उष्णता खालून निघते आणि हवेतले वायू तिला अडवतात. भोक नव्हे, गोधडी.

दुसरा प्रश्न होता: 'परिणाम कुठे दिसतात?' विज्ञानच्या मुलांनी ध्रुवीय अस्वल, हिमनग, मालदीव असं लिहिलं. एकीने लिहिलं, 'मुंबई बुडेल.' आपल्या गावाचं नाव एकानेही लिहिलं नाही, आणि त्या महिन्यात त्यांच्याच गल्लीत टँकर येत होता.

तरी मी ठरवलं ते ठरवलंच: कलेची मुलं मागे आहेत, त्यांना पुढे आणायचं. म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही तुकड्या सभागृहात एकत्र बसवल्या आणि विज्ञानच्या सायलीला सादरीकरण करायला सांगितलं. ती हुशार आहे, बोलते छान. तिने कारणं सांगितली: कारखाने, गाड्या, जंगलतोड, शेतकरी पाचट जाळतात ते, गुरांचा मिथेन. मग उपाय: एसी २४ वर ठेवा, कापडी पिशवी वापरा, जवळच्या अंतराला सायकल घ्या.

मागच्या बाकावरून अंकुश म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी एसी न्हाई. फ्रिजबी न्हाई. मग आमी काय कमी करायचं?"

हशा पिकला. सायलीला वाटलं, आपल्याला हसले. अंकुशला वाटलं, आपल्याला. हशा ओसरल्यावर तो पुन्हा बोलला, "आन् पाचट आमी जाळत न्हाई. आमी ऊस तोडतो. जाळतो मालक."

यावर सायलीपाशी उत्तर नव्हतं, माझ्यापाशीही नव्हतं. घंटा झाली म्हणून निभावलं. अंकुश पुढचे दोन तास आला नाही.

समोर असलेले पर्याय

प्राचार्यांशी बोलले. त्यांना सर्वांत सोपं दिसलं ते म्हणजे कलेच्या तुकडीला दोन जादा तास. "मॅडम, पोरांना कळलं नाही तर पुन्हा शिकवा, त्यात काय." त्यांचं चूक नव्हतं. पण पुन्हा शिकवून मी त्यांना ध्रुवीय अस्वलच दिलं असतं.

एका सहकाऱ्यांनी पोस्टर स्पर्धा आणि वृक्षारोपण सुचवलं. त्याचे फोटो निघतात, अहवालाला उपयोगी पडतात. झाडं लावू नयेत असं कोण म्हणेल? पण 'झाडं लावा' हे आमच्या मुलांचं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर झालं आहे, दोन्ही तुकड्यांत सारखंच. कोळसा, डिझेल, वीज यांचं नावही न घेता मूल पाच गुण मिळवून मोकळं होतं.

कृषी सहायकांना बोलवायचाही विचार झाला. यातून एक मजेची गोष्ट कळली. 'पोकरा' हा शब्द कलेच्या तुकडीत सगळ्यांना माहीत होता: पोकरातून शेततळं झालं, पोकरातून ठिबक आलं, पोकराच्या यादीत आमचं गाव नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचं हे रोजच्या बोलण्यातलं नाव. ज्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ते बनलं, त्यात 'क्लायमेट' हा शब्द मधोमध बसला आहे. म्हणजे चाचणीत शून्य मिळालेल्या मुलाच्या शेतात हवामान बदलाच्या नावाने आलेलं शेततळं होतं, आणि ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चौथा पर्याय मला पटत होता, पण भीतीही वाटत होती: दोन्ही तुकड्यांतलं एकेक मूल घेऊन जोड्या करायच्या आणि त्यांनी आपल्याच भागाच्या नोंदी गोळा करायच्या. भीती अशी की कलेची मुलं 'अनुभव सांगणारी' आणि विज्ञानची 'लिहून घेणारी' अशी वाटणी होईल. गरिबाच्या घरी जाऊन त्याचं दुःख वहीत उतरवायचं आणि गुण आपण घ्यायचे, हा प्रकार आपल्याकडे प्रकल्पाच्या नावाखाली बराच चालतो. शिवाय क्लासच्या वेळा होत्या, आणि मुलींना वस्तीवर पाठवायला पालक तयार होणं अवघड होतं.

शेवटी जोड्यांचाच पर्याय घेतला, दोन अटींवर. प्रत्येक घरी दोन्ही मुलांनी जायचं: गावातल्या घरी अंकुशनेही आणि वस्तीवर सायलीनेही. आणि लिहिण्याचं काम दोघांनी आलटून पालटून करायचं.

काय केलं

आधी एक तास फक्त तीन शब्दांवर घालवला. हा तास ठरवून घेतला नव्हता, लाल शाईच्या शून्यातून तो निघाला. फळ्यावर 'हवा', 'हवामान', 'वातावरण' असं लिहिलं आणि विचारलं, "घरी हे शब्द कधी वापरता?"

आमच्या भूगोलाच्या पुस्तकात 'हवा' म्हणजे एखाद्या ठिकाणची त्या वेळची स्थिती, आणि 'हवामान' म्हणजे कितीतरी वर्षांची सरासरी, साधारण ३० वर्षांची. पण वर्तमानपत्रात 'हवामान खात्याचा अंदाज' असतो तो उद्याचा. बातम्यांत 'आजचं हवामान' म्हणतात. म्हणजे पुस्तकाबाहेर सगळा महाराष्ट्र हवेलाच हवामान म्हणतो. मग ज्या मुलाने 'दुपारी ऊन, संध्याकाळी आभाळ' लिहिलं, तो आपल्या भाषेशी प्रामाणिकच होता.

'वातावरण' तर त्याहून पुढचं निघालं. कलेच्या एका मुलीने सांगितलं, "आमचे पप्पा म्हणतात, आज वातावरण हाय, फवारू नको." तिथे वातावरण म्हणजे ढगाळ, दमट, तुरीवर अळी आणणारा दिवस. विज्ञानच्या मुलांना हा अर्थ ठाऊकच नव्हता. त्यांच्यासाठी वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचं वायूंचं आवरण. त्या दिवशी पहिल्यांदा विज्ञानच्या मुलांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग जोड्या घरोघर गेल्या. प्रश्न साधे ठेवले होते: पेरणी कोणत्या नक्षत्रावर व्हायची, आता कधी होते, कोणत्या साली पीक हातचं गेलं, कशाने. म्हाताऱ्या माणसांना सन सांगता येत नव्हते, खुणा सांगता येत होत्या. 'किल्लारीच्या भूकंपाच्या आधी' म्हणजे १९९३ च्या आधी. 'गारा पडल्या तेव्हा' म्हणजे २०१४ चा फेब्रुवारी-मार्च. 'लातूरला पाण्याची रेल्वे आली त्या साली' म्हणजे २०१६. १९७२ च्या दुष्काळाबद्दल एक आजी म्हणाली, तेव्हा विहिरीला पाणी होतं, खायला नव्हतं. आता दुकानात धान्य मिळतं, पाणी नाही. सायलीने घरी विचारलं तेव्हा कळलं की तिच्या आजोबांनीही बाहत्तर साली सुकडी खाल्ली होती. हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

दुसरा कागद होता आमच्या महसूल मंडळाच्या पावसाच्या नोंदींचा. साधारण वीस वर्षांचे आकडे मिळाले. आणि इथे गाडी अडली.

सगळ्यांची अपेक्षा होती, माझीही, की पाऊस कमी होत गेलेला दिसेल. आलेख काढला तर तो नुसता वर-खाली उड्या मारत होता. २०१५ खाली, २०२१ वर. कल असा काही नव्हताच. एका जोडीने २०१५ पासून सुरुवात करून 'पाऊस वाढतोय' असा आलेख केला. दुसऱ्या जोडीने आधीचं एक चांगलं वर्ष धरून २०१५ पाशी थांबवला आणि 'पाऊस घटतोय' असं सिद्ध केलं. दोन्ही आलेख भिंतीवर शेजारी शेजारी लावले तेव्हा अंकुश म्हणाला, "मग मॅडम, हवामान बदललंच न्हाई का?"

खरं सांगायचं तर 'घटतोय'वाला आलेख ठेवून पुढे जावं असा मोह मला झाला होता. वेळ वाचला असता आणि 'योग्य' निष्कर्षही आला असता. तो मोह आवरला एवढीच माझी बाजू. दोन्ही आलेख तसेच राहू दिले. सुरुवात आणि शेवट कुठे धरायचा यावर आणखी एक तास खर्च झाला. पुस्तकात ३० वर्षं का म्हणतात, हे त्या तासाला मुलांना न सांगता कळलं.

मग मोजायची गोष्ट बदलली. एकूण पाऊस बाजूला ठेवून दिवस मोजले. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की महसूलच्या भाषेत अतिवृष्टी, पंचनाम्यांमुळे हा आकडा शेतकऱ्यांच्या पोरांना पाठ असतो. आणि सलग २१ दिवस कोरडे गेले की पीकविम्याच्या भाषेत खंड. तोंडी परीक्षेत जी मुलं गप्प बसतात, ती या दोन शब्दांवर तावातावाने बोलू लागली. "मापक मंडळाच्या गावाला, पाऊस आमच्या शिवारात, विमा कुणाला?" हे भांडण एकदा सुरू झालं की थांबत नाही, आणि ते बिनबुडाचंही नाही. ('ढगफुटी' हा शब्द मात्र मी सगळ्यांकडून खोडून घेतला. तासाभरात १०० मिलिमीटर पडल्याशिवाय ती होत नाही.)

मात्र एका मापकाच्या वीस वर्षांतून हे मोजूनही ठाम काही निघालं नाही. त्या टप्प्यावर मी बाहेरचा पुरावा आणला, पहिल्या दिवशी नाही, त्या दिवशी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. हवा एक अंश सेल्सियस तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते, म्हणून पडतो तेव्हा धबाधबा पडतो. सायलीने लगेच विचारलं, "आपण मध्य भारतात येतो का?" प्रश्न रास्त होता. त्या अभ्यासाचा पट्टा बराचसा आमच्या उत्तरेला आहे. मी तसं सांगितलं.

एक संवाद मला मुद्दाम नोंदवायचा आहे. अंकुशने त्यांच्या कागदावर लिहिलं होतं: पाऊस नाही म्हणून ऊसतोडीला जावं लागतं. सायलीने विचारलं, "पाऊसच नाही तर ऊस कसा येतो?" तो म्हणाला, "ऊस पाणीवाल्यांचा. आमचं कोरडवाहू." यानंतर दोघांनी मिळून कागदाचे दोन भाग केले: 'आभाळाने केलेलं' आणि 'माणसाने केलेलं'. लातूरची रेल्वे त्यांनी दोन्हीकडे लिहिली. वर्षभरात माझ्या कुठल्याच व्याख्यानातून इतकी नेमकी विभागणी निघाली नव्हती. अंकुशची समज सायलीहून खोल होती असा याचा अर्थ मी लावत नाही. घरी झळ बसते म्हणून कारण कळतंच असं नाही. तोही सगळं खापर पावसावर फोडत होता, जशी ती सगळं पाचटावर. एकाच्या कागदावर जिथे कोरं होतं, तिथेच दुसऱ्याचा प्रश्न पडला.

काय निष्पन्न झालं

दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. त्याआधीच कारखाने सुरू झाले आणि कलेच्या तुकडीतले बाक रिकामे होऊ लागले. अंकुश आई-बापांबरोबर कर्नाटकात गेला. त्याची आजी आजारी होती, त्यामुळे घरी थांबायची सोय नव्हती. सहा-सात जोड्या अशाच अर्ध्या राहिल्या. सायलीने त्यांचा प्रकल्प एकटीने पूर्ण केला आणि दोघांची नावं घातली. सादरीकरण मात्र तिलाच करावं लागलं. म्हणजे जी वाटणी टाळायची होती, ती शेवटी झालीच.

जानेवारीत थोडेच प्रश्न बदलून पुन्हा चाचणी घेतली. ओझोनची गल्लत विज्ञानच्या निम्म्या मुलांत जशीच्या तशी होती. आम्ही पावसावर तीन आठवडे घालवले, ओझोनवर एक वाक्य. त्यामुळे यात नवल नाही. 'परिणाम कुठे दिसतात' या प्रश्नावर मात्र दोन्ही तुकड्यांत तालुक्यातली उदाहरणं आली. वर्गात राहिलेल्या कलेच्या मुलांनी व्याख्या त्यांच्या शब्दांत लिहिल्या. एक अशी होती: 'रोजची हवा बदलते ते नव्हे, हवेची सवय बदलते ते.' ही मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा बरी वाटते.

काळजीचं काय, हेही विचारलं होतं. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. भारत त्यात होता. ५९ टक्के तरुणांनी हवामान बदलाची फार किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. ती पाहणी ऑनलाइन झाली होती. अंकुशसारखं मूल त्यात असणं अवघड. आमच्या विज्ञानच्या मुलांची काळजी त्या पाहणीशी जुळणारी होती: '२०५० मध्ये पृथ्वी राहणार नाही.' कलेच्या मुलांची काळजी चालू महिन्याची होती, तिला ती हवामान बदलाची काळजी म्हणत नाहीत. पाहणीच्या रकान्यात ती 'काळजी नाही' अशी पडली असती.

दोन पालकांनी तक्रार केली की नीटच्या वर्षी रविवार वाया गेले. सायलीनेही एकदा विचारलं, "मॅडम, यातलं नीटला काही येतं का?" फारसं येत नाही, हे मी तिला खरं तेच सांगितलं.

पुन्हा करायचं झाल्यास

चाचणी आधी घेणार नाही. जे शब्द मुलांच्या घरात वेगळ्या अर्थाने नांदतात, त्यांवर गुण देण्याआधी ते अर्थ विचारणार. सभागृहातलं ते सादरीकरण तर टाळणारच. 'तुम्ही काय कमी कराल' हा प्रश्न सगळ्या घरांना सारखा विचारता येत नाही. भारतातला माणूस सरासरी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला त्याच्या सातपट. हे मी शिकवलं होतं. तसाच फरक आमच्या एका व्हरांड्यातही आहे, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ओझोनसाठी अख्खा तास हवा, आणि तो गोधडी घेऊनच.

सर्वांत महत्त्वाचं, प्रकल्प जूनमध्ये सुरू व्हायला हवा. सप्टेंबरात सुरू केलं की निम्मी मुलं फडावर असताना निष्कर्ष लिहायची वेळ येते. हंगामी वसतिगृह त्या वर्षी वेळेत सुरू झालं असतं तर काही जण थांबले असते, पण ते माझ्या हातात नव्हतं. वेळापत्रक होतं.

आता दरवर्षी पहिल्या तासाला मी एकच प्रश्न लिहून घेते: 'तुमच्या घरी "वातावरण" हा शब्द कधी वापरतात?' गेल्या वर्षी एकाने उत्तर लिहिलं, 'पाहुणे भांडले की.' त्याला गुण किती द्यायचे हे अजून ठरलेलं नाही.